माझ्या नावाने आलेला बैल

माझ्या सख्ख्या भावाने मला वाढदिवसाला एक लाकडी बैल दिला आणि मी तो ओट्यावरून खाली भिरकावला. सगळ्यांच्या देखत. आईच्या, वहिनीच्या, पुतणीच्या आणि सातवा महिना लागलेल्या माझ्या बायकोच्या देखत. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सांगताना मी हळूहळू स्वतःची बाजू घेऊ लागेन, तेव्हा वाचणाऱ्याला हे आठवत असलेलं बरं.

आज तो बैल आमच्या घरात पाळण्याच्या बाजूला उभा असतो. मुलीला दात येताहेत, आणि घरात एवढी रबरी खेळणी असून ती त्याचं शिंगच चघळते. बायको म्हणते, बापाने टाकला, लेकीने उचलला. म्हणते आणि हसते. तिला हसता येतं, कारण तेव्हा तिचं काही चुकलं नव्हतं.

बाभुळगावात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटरी जळतात, लोक त्या मोटारसायकलला मागे बांधून आणतात, मी जळकी तार काढतो आणि नवी भरतो. धंदा बरा चालतो. मोठा भाऊ, म्हणजे दादा, गावाकडे असतो. एसटीने फार वेळ लागत नाही. वडिलांच्या मागे शेत त्यानेच सांभाळलं. कापूस, तूर, मध्ये सोयाबीन. आई त्याच्याजवळ राहते. त्याला एकच मुलगी, ती पुसदला नर्सिंग शिकते. मला त्या वर्षापर्यंत मूल नव्हतं.

मूल नसलेल्या माणसाशी आमच्याकडे लोक वाईट वागत नाहीत, फक्त गमती करतात. दुकानासमोरच्या टपरीवर एकदा चहा पीत होतो. ज्याची मोटर मी नुकतीच भरून दिली होती असा एक जण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बैल औताले लय कामाचा राह्यते भाऊ, पण गोठ्यात वासरू पाह्यजे तं गोऱ्हाच लागते." ज्यांना गुरांचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बैल खच्ची केलेला असतो, गोऱ्हा नसतो. टपरी हसली. बाजाराचा दिवस होता, दादा माझ्याच बाकावर बसलेला होता. तोही हसला. मी चहा अर्धा टाकून दुकानात आलो. त्या माणसाचं बोलणं मी पुढे विसरलो, दादाचं हसणं विसरलो नाही.

खरं तर आमच्या घरात मूल आलंच नव्हतं असं नाही. दोनदा येता येता परत गेलं. पहिल्यांदा अगदी सुरुवातीला. दुसऱ्यांदा सातव्यात. आणि त्या दुसऱ्या खेपेला मी यवतमाळहून पाळणा आणला होता. आई फोनवर म्हणाली होती, बाप्पा, लेकरू हाती येईपर्यंत लेकराचं काही घरात आणू नये. मी म्हटलं, आता कोण मानतं हे. पाळणा आणला, छताच्या कडीला बांधला आणि बायकोला दाखवायला म्हणून रिकामाच हलवला. रिकामा पाळणा हलवू नये, हेही आमच्याकडे लहान मुलालासुद्धा माहीत असतं. त्यानंतर काही दिवसांतच ते झालं. डॉक्टरांनी कारण सांगितलं, त्याचा पाळण्याशी काही संबंध नव्हता. ते मला तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. तरी कडीवरून दोर सोडताना मला बायकोकडे बघता आलं नाही. घरच्यांपैकी कोणी एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर भांडून तरी मोकळा झालो असतो.

म्हणून या खेपेला, तिची चाळिशी उलटून गेल्यावर दिवस राहिले, तेव्हा घरात न ठरवता एक कायदा झाला. नाव काढायचं नाही. आई फोनवर विचारायची, सूनबाई बरी हाय नं, बस. वहिनी विचारायची, जेवण जाते का. डोहाळजेवणाचा विषय कोणी काढला नाही. बायकोची आई ती लहान असतानाच गेलेली, त्यामुळे बाळंतपणाला वहिनीच येऊन राहणार, हेही न बोलताच ठरलेलं. दादा दर बाजाराला म्हशीचं दूध घेऊन यायचा. डबा दारात ठेवायचा आणि माझ्याकडे बघून म्हणायचा, "लहान्या, दूध पीत जाय. वाळून राह्यला तू." मी चांगला अंगाने भरलेला माणूस आहे. शर्टाची बटणं लागत नाहीत. तरी मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मी ते दूध प्यायलोसुद्धा, दोनतीनदा.

अशात माझा वाढदिवस आला. तसा तो खरा वाढदिवस नाही. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांसारखा माझाही जन्म शाळेच्या गुरुजींनी एक जुलैला लावून टाकलेला. आई म्हणते, तू आखाडात झाला, शेतात तण काढायचे डवरे चालू होते, तारीख कोण पाहत बसते. आमच्या घरात तो कधी साजराही झाला नव्हता. त्यामुळे वहिनीचा फोन आला की, भाऊजी, यंदा तुमचा वाढदिवस करू, आम्ही सगळेच येतो, तेव्हा मला फार बरं वाटलं. दुकानातल्या पोऱ्यासमोर मी दोनदा सांगितलं की उद्या घरी कार्यक्रम आहे.

सगळे सकाळीच आले. स्वयंपाक आईने आणि वहिनीने केला, बायकोला गॅसजवळ फिरकू दिलं नाही. पातोडीची भाजी, कढी, वडाभात, शेवटी खीर. मला बेसनाच्या वड्यांची ती पातोडी लहानपणापासून आवडत नाही आणि हे आईला पक्कं माहीत आहे. बायको मात्र कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. रस्सा मागून घेतला. वहिनी तिला वाढत होती आणि म्हणत होती, भाऊजींचा वाढदिवस हाय, आज नाही म्हणू नको. आईने तिच्या पदरात नारळ टाकला, तोही म्हणे माझ्या वाढदिवसाचा. वाढदिवस माझा आणि हौस हिची, असं मी हसत बोलूनही दाखवलं. वहिनीने तिच्या वाटीत आणखी खीर घातली. पण मी तोवर रागावलो नव्हतो.

जेवणं झाल्यावर ओट्यावर बसलो. आईने पिशवीतून गोधडी काढली. तिच्या जुन्या लुगड्यांची, हाताने टाके घातलेली, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. "तुया पाठीले," ती म्हणाली. "दिवसभर वाकून बसतं दुकानात." मी उलगडली. माझ्या मांडीलासुद्धा पुरत नव्हती. माय, कापड कमी पडलं का, असं मी विचारलं. ती नुसती गोधडीवरून हात फिरवत राहिली.

वहिनीने सहाण दिली. तळहाताएवढी, मध्ये झिजून खोलगट झालेली, तिने माहेरून आणलेली. मला नेहमी सर्दी असते, तर सुंठ उगाळून कपाळाला लावत जा म्हणाली. पुतणीने भिंतीत खोचायचा एक दिवा दिला, अगदी मंद उजेडाचा. काका, रात्री उठावं लागतं नं, मोठा लाईट नका लावत जाऊ. साखरेचा त्रास मला नुकताच सुरू झाला होता आणि रात्री उठावं लागतं हे मी फक्त बायकोला सांगितलं होतं. पाठ, सर्दी, रात्रीचं उठणं. मला वाटलं, हे लोक माझ्या वाढदिवसाला मला माझं म्हातारपण भेट द्यायला आले आहेत. आणि एक दिवा सोडला तर सगळं वापरलेलं.

वापरलेल्या वस्तूंशी माझं जुनं भांडण आहे. दोन भावांतला मी धाकटा. दादाचे शर्ट, दादाच्या चपला, पहिल्या पानावर दादाचं नाव खोडून माझं लिहिलेली पुस्तकं. दादाला तरी नवं कुठून मिळत होतं, त्याचे शर्ट मामाकडून यायचे. पण ते मला कधी आठवत नाही. धाकट्याला फक्त आपल्या अंगावरचं उसवलेलं दिसतं.

मग दादाने थैलीतून बैल काढला.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. खरे बैल आदल्या दिवशी मिरवून झालेले असतात. तान्ह्या पोळ्याला लहान मुलं चाकांवरचे लाकडी बैल सजवतात, दोरीने ओढत घरोघर नेतात, आणि घरचं माणूस बैलाला कुंकू लावून मुलाच्या हातावर खाऊ किंवा पैसे ठेवतं. त्याला बोजारा म्हणतात. तसला तो बैल होता. सागाचा, चांगला हातभर. पुतणी लहान असताना दादाने सुताराकडून करवून घेतलेला. मी स्वतः तिला तो गल्लीतून ओढताना पाहिलेलं. आता त्याला घासून तेल दिलेलं होतं, शिंगं नवीन रंगवलेली होती.

"हा तुले," दादा म्हणाला. आणि हसला.

तेच हसणं. टपरीवरचं.

पुढे मी काय बोललो ते मला शब्द न् शब्द आठवतं, आणि आठवू नये असं फार वाटतं. मी म्हटलं, "मले बैल देतं? टपरीवर हसला ते पुरलं नाही का तुले? आमच्या घरी एक बैल हायेच, दुसरा कायले पाह्यजे? जिंदगीभर तुये उतरलेले कपडे घातले म्या, आता तुया पोरीचं उतरलेलं खेळणंही माह्याच गळ्यात बांधतं?" आणि तो उचलून खाली फेकला. एक चाक निखळलं आणि घरंगळत जाऊन माझ्या स्कूटरखाली पडलं.

दादाच्या चेहऱ्यावर ते हसू तसंच राहिलं होतं, त्याला ते आवरता येत नव्हतं. मग तो उठला, चपला घातल्या आणि म्हणाला, चाल माय. पुतणीने स्कूटरखालून चाक काढलं, बैल उचलला, दोन्ही ओट्यावर नीट ठेवले. वहिनी बायकोच्या पाठीवरून हात फिरवून गेली. चहासुद्धा झाला नव्हता.

मला वाटलं, बायको निदान माझी बाजू घेईल. ती एकेक वस्तू उचलून आत नेत होती. गोधडी, सहाण, दिवा, शेवटी बैल. मी म्हटलं, पाहिलं नं कसे वागतात. ती म्हणाली, "त्यायले वापस बोलवा." मी म्हटलं, मी कायले बोलवू. ती बैल पदराने पुसत आत गेली.

पुढच्या बाजाराला दादा आला नाही. पण दूध आलं. गावचा एक माणूस डबा दारात ठेवून गेला, तुमच्या दादानं देलं म्हणाला. त्याच्या पुढच्या बाजारालाही तसंच. मला तो त्याचा हट्ट वाटला; भांडतोही आणि उपकारही करतो. वहिनी बायकोला फोन करत होती, पण मी घरात असलो की बोलणं लवकर संपायचं. एकदा बायकोने मला सांगितलं की दादा वहिनीला म्हणाला, लहान्यानं बोलावलं तं जाय, नाही तं नको जाऊ, त्याचं घर हाय. म्हणजे सगळं माझ्या एका शब्दावर अडून बसलं होतं.

आणि दिवस तर थांबत नव्हते. तिला उठताना भिंतीचा आधार लागायला लागला. यवतमाळच्या डॉक्टरांनी वयामुळे जपायला सांगितलेलं. एकदा पोळ्या लाटता लाटता ती थांबली आणि म्हणाली, "दवाखान्यात माह्यापाशी कोण राहीन?" मी म्हटलं, मी आहे. "बायांच्या वार्डात तुम्हाले येऊ देतीन का?" मी म्हटलं, एखादी बाई बघू. तिने लाटणं खाली ठेवलं. घरची बाई सोडून एखादी बाई बघायची, हे ऐकून तिला काय वाटलं असेल ते मला तिच्या पाठीवरून कळलं. तरी मी फोन केला नाही.

श्रावणात एका दुपारी जेवायला घरी आलो तर बाहेर बाजेवर ती गोधडी वाळत होती. ऊन चांगलं पडलेलं. मी म्हटलं, मी ती पाठीला एकदाही लावली नाही, मग धुतली कायले?

बायको दाराशी खुर्ची घेऊन बसली होती. म्हणाली, "तुमच्या पाठीले पुरते का ते?"

मी गोधडीकडे पाहिलं. खरंच, बाजेचा चौथा हिस्साही झाकत नव्हती.

"सहाणीवर काय उगाळतात?" तिने विचारलं.

मी म्हटलं, सुंठ.

"अजून?"

मी मोजायला लागलो. वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरूडशेंग. आणि मुरूडशेंगेला माझं बोलणं थांबलं. लहानपणी चुलतभावंडांना गुटी देताना आई हेच सगळं ओळीने उगाळायची, मी बाजूला बसून बघायचो.

"सातवा गेला म्हणून बोलून राह्यली मी," ती म्हणाली. "त्याच्या आधी मलेही तोंडातून काढायचं नव्हतं. मागच्या खेपेला घरात काय आणलं होतं ते सगळ्यायले आठवते. या दिवसात लेकराच्या नावानं कोणी काही देते का? म्हणून तुमच्या नावानं दिलं. जेवणही तुमच्याच नावानं केलं. मले पातोडी खाऊशी वाटते हे वहिनीले मीच सांगितलं होतं."

ते माझ्या वाढदिवसाचं जेवण नव्हतंच. ते तिचं डोहाळजेवण होतं. माझ्या खोट्या तारखेच्या आडोशाला बसून घरच्यांनी ते उरकलं होतं, नजर लागू नये म्हणून, आणि मी मध्येच उठून ताट लाथाडलं होतं.

आणि रात्री लेकराला पाजायला उठताना लागणारा तो दिवा सोडला तर सगळं जुनं का, तेही तिने सांगितलं. ज्या घरचं लेकरू जगलं, वाढलं, त्या घरचं वापरलेलं द्यायचं असतं. नवं द्यायचं नसतं. पुतणी ज्या सहाणीवरच्या गुटीवर वाढली ती सहाण. पुतणीने ओढलेला बैल. त्या घराला एकच मूल, त्याच्या लहानपणातलं जे काही सांभाळून ठेवलेलं होतं ते त्यांनी उचलून माझ्या ओट्यावर आणून ठेवलं होतं. उतरलेलं नव्हतं ते. आपल्या मुलीचं भाग्य त्यांनी आमच्याकडे काढून दिलं होतं.

मला दूध आठवलं. लहान्या, दूध पीत जाय, वाळून राह्यला तू. मी बाजेवर बसलो. बायकोने पाणी आणायला उठू नये म्हणून मीच उठलो, आत गेलो आणि थोडा वेळ आतच थांबलो.

दादाचं हसणंही मला तेव्हाच आठवलं, म्हणजे नीट आठवलं. दादाला अवघडलं की हसू येतं. वडिलांच्या तेरवीला लोक भेटायला येत होते तेव्हाही तो असाच हसत होता, आणि एका म्हाताऱ्या नातेवाइकाने त्याला रागावलं तेव्हा मीच मध्ये पडून म्हटलं होतं, त्याचं तसंच आहे, मनावर घेऊ नका. म्हणजे मला माहीत होतं. आयुष्यभर माहीत होतं. फक्त माझ्यावर वेळ आली तेव्हा मी ते वापरलं नाही.

संध्याकाळी मी दादाला फोन केला. त्याने उचलला. मी विचारलं, पाऊसपाणी कसं आहे. तो म्हणाला, बरं आहे. सोयाबीन? फुलावर आलं. मग तो म्हणाला, ठेवू का. मी म्हटलं, ठेव. आमच्या घरात चुकलो हा शब्द कोणी कोणाला म्हणत नाही. भांडण झालं की थोड्या दिवसांनी एकाने दुसऱ्याकडे जेवायला जायचं, भाजीला नावं ठेवायची, आणि झालं. मीही तसंच करू शकलो असतो. पण बैल मी सगळ्यांसमोर फेकला होता. तो गुपचूप एखाद्या ताटाखाली झाकून टाकावा असं मला वाटेना.

दुसऱ्या दिवशी बैल दुकानात नेला. पडल्याने त्याचा पुढचा आस चिरला होता. मी नवा आस घातला, आणि मग वाटलं, एवढं केलंच आहे तर नीट करू. पंख्यांच्या मोटरीतली छोटी बेअरिंग माझ्याकडे पडलेली असतात. चारही चाकांना ती बसवली. हाताने ढकलला तर बैल टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज न करता गेला. दुकानात आलेला एक शेतकरी म्हणाला, असा बैल आमाले भेटला असता तं ट्रॅक्टर कोणी घेतलं असतं. किती तरी दिवसांनी मी हसलो.

पोळ्याला मी गेलो नाही. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकताना, मग बैल तोरणाखाली उभे करताना दादाला सवड नसते, आणि त्या गर्दीत माझं बोलणं हरवलं असतं. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, दुकान बंद ठेवलं. बायकोने बैलाच्या पाठीवर तिच्या एका जुन्या पोलक्याची झूल शिवून घातली, शिंगांना बेगड चिकटवली, गळ्यात गोंडा बांधला. तिला नववा लागलेला, एसटीत बसायचं नव्हतं. शेजारच्या काकूंना तिच्याजवळ बसवलं. निघताना ती म्हणाली, "काही पाठ करून नका जाऊ. तिथं गेल्यावर तोंडात येईन ते बोला." मी पाठ करूनच निघालो होतो.

गावाच्या थांब्यावर उतरलो, पिशवीतून बैल काढला, दोरी धरली आणि रस्त्यावरून ओढत निघालो. टक्कल पडायला लागलेला माणूस, इस्त्रीचा शर्ट, आणि मागे झूल घातलेला बैल. गल्लीत मुलांचा घोळका होता, त्यांच्या बैलांची चाकं करकर वाजत होती. एका पोराने मला विचारलं, काका, तुमचा बैल आवाज काहून नाही करत? मी म्हटलं, त्याचा मालकच लय आवाज करतो, म्हणून तो करत नाही. मुलं मागे लागली. ओट्यावर बसलेल्या एका म्हातारीने हाक मारली, "काहो, पोट्टे कमी पडले का गावात?" मी म्हटलं, हो मावशी, एक कमीच आहे. बोलून गेलो आणि वाटलं, हे काय तोंडातून काढलं आपण. पण ती हसली आणि म्हणाली, "येईन, येईन. चाला तुम्ही पुढं."

दादाच्या दारात मुलांची रांग होती. वहिनी ताट धरून उभी, ताटात कुंकू, तांदूळ, गोळ्या आणि चिल्लर. पुतणी सुट्टीवर आलेली, ती मुलांना एकामागे एक उभं करत होती. आई ओट्यावर. दादा पाटावर बसून खाली वाकून प्रत्येक बैलाच्या कपाळाला कुंकू लावत होता आणि प्रत्येक मुलाला रिवाजाप्रमाणे विचारत होता, कोणाचा हो हा बैल? मुलगा आपल्या बापाचं नाव सांगायचा, दादा त्याच्या हातावर बोजारा ठेवायचा. मी रांगेत शेवटी उभा राहिलो. आईने मला पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला. वहिनीनेही पाहिलं आणि ताट जरा घट्ट धरलं. दादाला अलीकडे लांबचं नीट दिसत नाही, आणि तो तर खालीच बघत होता.

माझी पाळी आली. मी बैल पुढे ढकलला. तो आवाज न करता जाऊन त्याच्या पायाजवळ थांबला. दादाने अंगठा कुंकवात बुडवला, कपाळाला लावला, आणि अंगठा तिथेच राहिला. मग त्याने शिंगावरून हात फिरवला. चाक फिरवून पाहिलं. वर बघितलं नाही. तसाच खाली बघत त्याने विचारलं, "कोणाचा हो हा बैल?"

पाठ केलेलं सगळं गेलं. मी त्याच्यासमोर खाली बसलो. मागे मुलं उभी होती, रस्त्यावरचे दोनचार लोकही थांबले होते, आणि ते थांबले हे बरंच झालं.

"माहा हाय, दादा," मी म्हणालो. "माह्या वाढदिवसाले तू माह्याच नावानं देलता. मले समजलंच नाही कोणासाठी हाय ते. तू काहून हासतं, हे मले माहीत होतं, तरी म्या तसं बोललो. चुकलो मी. वहिनी, माय, तुमच्या सगळ्यायच्या समोर चुकलो, म्हणून सगळ्यायच्या समोर म्हणतो. वहिनी, दवाखान्यात तिच्यापाशी तुम्हीच पाह्यजे, या. मले बोजारा नको. त्या दिवशीचं बोलणं मी वापस घेतो, दादा. बैल वापस करत नाही."